अणुकेंद्राचा शेजार आणि कर्करोगाची मोजदाद

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या काठी, सीस्केल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याची वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास. गावापासून तीनएक किलोमीटर अंतरावर १९५० च्या सुमारास विंडस्केलचा अणुप्रकल्प उभा राहिला. १९८१ पासून तो सेलाफील्ड या नावाने ओळखला जातो. बाँबसाठी लागणारे प्लुटोनियम तयार करणे हे त्याचे पहिले काम. पुढे वापरलेल्या अणुइंधनावर पुनःप्रक्रिया करणे हा त्याचा मुख्य व्यवसाय झाला आणि त्या प्रक्रियेतून उरलेले किरणोत्सर्गी पाणी नळांवाटे समुद्रात सोडले जाऊ लागले. १९८३ च्या नोव्हेंबर महिन्यात यॉर्कशायर दूरचित्रवाणीने एक माहितीपट दाखवला. या चिमुकल्या गावातील मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या सुमारे दहापट आहे, हे त्यातून साऱ्या ब्रिटनला कळले.

असा आकडा कानी आला की मनुष्य दोनपैकी एका बाजूला ओढला जातो. एक पक्ष म्हणतो, अणुकेंद्राशेजारची मुले आजारी पडली, याहून निराळा पुरावा तो कोणता हवा? दुसरा पक्ष म्हणतो, सर्व मोजमापे ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा भीतीला आधार नाही. या दोन्ही पक्षांनी मोजणी पुरी होण्याआधीच निकाल देऊन टाकलेला असतो. अणुकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना कर्करोगाचा धोका वाढतो काय, हा प्रश्न केवळ मोजूनच सुटण्याजोगा आहे. ही मोजणी केंद्र उभे राहण्यापूर्वी सुरू झालेली, केंद्र चालवणाऱ्याहून निराळ्या हातांनी केलेली आणि शेजाऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलेली असली पाहिजे, एवढेच प्रतिपादन या लेखात करावयाचे आहे.

प्रथम मोजणीतील अडचण पाहू. मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग हा सुदैवाने विरळा रोग आहे. दहा लाख मुलांमागे वर्षाकाठी साधारणपणे ४० ते ५० मुलांना तो होतो. आता एखाद्या गावात पाचशे मुले आहेत असे समजा. तेथे सरासरीने असा एक रुग्ण आढळण्यास ४० ते ५० वर्षे लागतील. त्याच गावी दहा वर्षांत दोन मुले आजारी पडली, तर प्रमाण एकदम आठ ते दहा पटींवर जाते. देशात अशी गावे हजारो असतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला केवळ योगायोगाने दोन रुग्ण येणारच. मूठभर ज्वारी अंगणात उधळली तर दाणे सारख्या अंतरावर पडत नाहीत; कोठे चार एकत्र पडतात, कोठे हातभर जागा मोकळी राहते. म्हणून नुसत्या ‘दहापट’ या शब्दावरून कारण सिद्ध होत नाही. परंतु त्याचबरोबर, ‘संख्या लहान आहे’ असे म्हणून ती बाजूस सारणेही शास्त्रीय नव्हे. कारण धोका खरोखरच वाढला असेल तर त्याची पहिली खूण अशीच लहान असणार.

ब्रिटिश शासनाने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. सीस्केलमध्ये रुग्ण अपेक्षेहून अधिक आहेत हे समितीने मान्य केले. मात्र प्रकल्पातून बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गाचा हिशेब मांडला असता मुलांना मिळालेली मात्रा फारच थोडी निघाली. इतके रुग्ण निर्माण होण्यास ती शेकडो पटींनी अधिक असावयास हवी होती. समितीने जनतेला दिलासा दिला, परंतु तो सशर्त होता. पुढील संशोधन चालू ठेवावे अशी शिफारसही तिने केली आणि तीनुसार १९८५ मध्ये एक स्थायी तज्ज्ञमंडळ स्थापन झाले.

यानंतर जे घडले ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रकल्पाच्या धुराड्यांतून बाहेर पडलेले युरेनियम ब्लॅक समितीला कळवलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी पट अधिक होते, असे उघडकीस आले. नव्या मंडळाने १९८६ मध्ये सारा हिशेब पुन्हा मांडला. मूळ निष्कर्ष फारसा बदलला नाही. वाढलेल्या आकड्यानेही रुग्णसंख्येचा उलगडा होत नव्हता. परंतु लोकांचा विश्वास मात्र बदलला. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही. निष्कर्ष बरोबर असला तरी ज्या आकड्यांवर तो उभा आहे ते अपुरे होते, हे एकदा कळले की पुढचा प्रत्येक आकडा संशयाने वाचला जातो.

मग कारण कोणते? १९९० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी असा तर्क मांडला की, प्रकल्पात काम करणाऱ्या पित्याला अपत्याच्या गर्भधारणेपूर्वी मिळालेला किरणोत्सर्ग याला कारणीभूत असावा. तर्क गंभीर होता आणि त्याची परीक्षाही तितक्याच गंभीरपणे झाली. प्रकल्पातील कामगारांची बहुसंख्य मुले सीस्केलबाहेर जन्मलेली होती आणि त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. हिरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांच्या अपत्यांतही ती आढळली नव्हती. दोन कुटुंबांनी लावलेला भरपाईचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये फेटाळला. दुसरा तर्क लिओ किन्लेन यांनी १९८८ मध्येच मांडला होता. आडबाजूच्या विरळ वस्तीत बाहेरून एकदम पुष्कळ लोक येऊन राहिले, की एखादा साधा संसर्ग तेथे पसरतो आणि क्वचित एखाद्या मुलात त्याची परिणती रक्ताच्या कर्करोगात होते, असा तो तर्क. स्कॉटलंडमधील ग्लेनरोथीस या नव्याने वसवलेल्या नगरात अणुकेंद्र नव्हते, तरीही तेथे तशी वाढ किन्लेन यांना आढळली. हा तर्क पुष्कळांना पटतो. पण तो विशिष्ट जंतू अद्याप कोणी दाखवून दिलेला नाही. २०१६ मध्ये त्याच स्थायी मंडळाने नंतरच्या काळातील आकडे तपासले, तेव्हा सीस्केलमधील ही वाढ पुढे टिकलेली दिसली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ एका गावाचा शोध चालला. रोग मोजता आला, मात्रा मोजता आली, परंतु त्या दोहोंना जोडणारा धागा हाती लागला नाही.

एका गावाची संख्या लहान पडते म्हणून जर्मनीने अधिक मोठी मोजणी केली. तेथे माइन्झ येथे बालकर्करोगांची देशव्यापी नोंदणी आहे. तिच्या आधारे १६ अणुविद्युत् केंद्रांच्या परिसरातील पाच वर्षांखालील मुलांचा १९८० ते २००३ या २४ वर्षांचा अभ्यास करण्यात आला आणि २००७ च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. केंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे सुमारे १७ रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षात ३७ आढळले. हा आकडा दुपटीहून अधिक आहे आणि तो नाकारता येत नाही. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अपेक्षेहून अधिक निघालेले २० रुग्ण हे १६ केंद्रांच्या भोवती मिळून २४ वर्षांतील आहेत. म्हणजे साऱ्या देशात वर्षाला एकाहूनही कमी. शिवाय त्या केंद्रांमुळे शेजाऱ्यांना मिळणारी मात्रा निसर्गतः मिळणाऱ्या मात्रेच्या एक सहस्रांशाहूनही अल्प होती. तेव्हा आज ज्ञात असलेल्या किरणोत्सर्गाच्या परिणामांवरून या वाढीचा खुलासा होत नाही, असे त्या संशोधकांनीच नमूद केले.

शेजारच्या देशांनी तोच प्रश्न आपापल्या परीने तपासला. ब्रिटनमधील स्थायी मंडळाला २०११ मध्ये अणुविद्युत् केंद्रांभोवती स्पष्ट वाढ दिसली नाही. स्वित्झर्लंडच्या त्याच वर्षीच्या अभ्यासातही ठाम पुरावा मिळाला नाही. पण तेथील संख्या इतकी लहान होती की थोडी वाढ असती तरी ती दिसती ना. फ्रान्सच्या २०१२ मधील अभ्यासात ५ किलोमीटरच्या आत सुमारे दुप्पट प्रमाण निघाले, तेही अवघ्या १४ रुग्णांवर आधारलेले. आणि अंतराऐवजी प्रत्यक्ष मात्रेप्रमाणे गट पाडले असता हा संबंध उरला नाही.

यावरून किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. हिरोशिमा व नागासाकी येथील सुमारे १,२०,००० व्यक्तींच्या गटाचा मागोवा १९५० पासून घेतला जात आहे. मोठ्या मात्रेने कर्करोग वाढतो हे त्यातून निःसंशय सिद्ध झाले आहे. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासाने २०१५ मध्ये असे दाखवले की, वर्षानुवर्षे थोडी थोडी मिळालेली मात्राही धोक्यात अल्पशी भर घालते. आणि अपघात झाला म्हणजे सारेच गणित बदलते. १९८६ च्या २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात उतरले आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठले. बेलारूस, युक्रेन व रशियाचा बाधित भाग येथे त्या वेळी बालवयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत या ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील मोठा वाटा या दुधाचा होता. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होत जाते. काही आठवडे ते दूध थांबवले असते तर पुष्कळ मुले वाचली असती. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दुधाची विक्री थांबवण्यात आली होती. दुधाचा मार्ग माहीत होता आणि तो अडवता येत होता. चेर्नोबिलला हे ज्ञान होते. लोकांना सांगितले गेले नाही ते हेच.

आता आपल्या देशाकडे वळू. किरणोत्सर्ग केवळ अणुकेंद्रातूनच येतो असे नाही. जमीन, खडक, हवा व आकाशातून येणारे किरण यांपासून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळतच असते. अणुकेंद्राच्या शेजाऱ्याला याखेरीज वर्षाला १ मिलिसीव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, अशी मर्यादा आपल्या देशातही पाळली जाते. केरळमधील कोल्लम जिल्ह्यात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त काळी वाळू आहे. तिच्यातील थोरियममुळे तेथील कित्येक घरांत नैसर्गिक मात्रा जगाच्या सरासरीच्या अनेक पट भरते. तेथे १९९० पासून कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेण्यात आला. त्यांच्यात कर्करोगाचे १,३७९ रुग्ण आढळले. परंतु अधिक मात्रेच्या घरांत राहणाऱ्यांना अधिक कर्करोग होतो असे दिसले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आदर जगभर झाला, तो एवढ्याच कारणाने की घरोघर जाऊन मात्राही मोजली होती आणि रोगही मोजला होता.

महाराष्ट्रातील तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागले. देशातील पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झालेली होती खरी. पण ती शहरापुरती होती, तारापूरभोवतीच्या कोळ्यांच्या व आदिवासींच्या गावांपर्यंत ती पोहोचत नव्हती. म्हणजे केंद्र येण्यापूर्वी या गावांत कर्करोग किती होता, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. केंद्रानंतर तेथील जीवनही पालटले. बोईसरला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली, बाहेरून कामगार आले, आहार बदलला. तंबाखू तर होतीच. अशा ठिकाणी एखादा रुग्ण आढळला म्हणजे त्याचा दोष कोणाच्या पदरी टाकावा? ज्याच्याकडे आधीचा आकडा नाही त्याला नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. आणि जेथे आकडा नसतो तेथे पराचा कावळा होण्यास वेळ लागत नाही.

खेड्यांत अशी मोजणी होणे शक्यच नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहावे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या कक्षेत ३४६ गावे होती. खेड्यातील रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येईल याची वाट न पाहता कार्यकर्तेच गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून देऊ लागले. पुढे टाटा स्मारक केंद्रानेही अणुविद्युत् केंद्रांच्या परिसरांत अशा नोंदण्या चालवल्या आहेत. प्रत्येक अणुकेंद्राच्या स्थळी हवा, पाणी, दूध व मासे यांतील किरणोत्सर्ग तपासणारी प्रयोगशाळाही असते. साधने आहेत, माणसे आहेत, अनुभवही आहे. म्हणून माझी मागणी अवघड नाही. जेथे केंद्र प्रस्तावित आहे, रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर हे त्यांपैकी एक, तेथे अणुभट्टीच्या पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वी निदान दहा वर्षांच्या रोगाचा पक्का हिशेब हाती असावा. रोगाची मोजणी वीज विकणाऱ्या संस्थेच्या अधीन नसावी. आणि मात्रा व रोग हे दोन्ही आकडे एकाच पत्रकावर, दरवर्षी, गावाच्या भाषेत छापले जावेत. वर्ष चांगले गेले असो वा वाईट. एखादे वर्ष वाईट निघाले म्हणून पत्रक थांबले, तर आधीची सारी चांगली वर्षेही संशयित ठरतील.

भाषेचा उल्लेख मी सहज केलेला नाही. शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर हे माझे नित्याचे काम आहे आणि या विषयात एका शब्दाने किती घोटाळा होतो हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. एका अहवालात, वाढ झाल्याचा पुरावा आढळला नाही, अशा अर्थाचे वाक्य होते. पहिल्या खर्ड्यात मी लिहून गेलो, ‘धोका नाही.’ वाक्य आटोपशीर झाले, कानाला बरेही वाटले; आणि ते खोटे होते. ‘आढळला नाही’ म्हणणारा मनुष्य किती शोधले, कोठे शोधले आणि किती लहान वाढ त्याच्या नजरेतून सुटू शकते, हे सांगण्यास बांधलेला असतो. ‘नाही’ म्हणणारा कशालाच बांधलेला नसतो. याच्या उलट, ‘धोका दुप्पट झाला’ एवढेच लिहून थांबणाराही तितकाच अपराधी आहे. कशाच्या दुप्पट, किती मुलांमागे, किती वर्षांत, हे सांगितल्यावाचून ‘दुप्पट’ हा शब्द माहिती देत नाही. तो फक्त भय देतो. केंद्राच्या कुंपणाबाहेर जाळी विणीत बसलेल्या माणसाला परिभाषा कळत नसेल. पण ‘आम्हाला एवढे कळले आणि एवढे कळले नाही’ हे वाक्य त्याला पूर्ण कळते. मूल आजारी पडलेल्या घरात तर ते आणखी लवकर कळते, कारण त्या घराने वैद्याच्या तोंडून तेच ऐकलेले असते.

म्हणूनच हे पत्रक केवळ कचेऱ्यांत राहता कामा नये. अणुकेंद्राच्या परिसरातील प्रत्येक शाळेत व ग्रंथालयात ते लावलेले असावे. गणिताच्या शिक्षकाने त्यावरून सरासरी व योगायोग शिकवावा, विज्ञानाच्या शिक्षकाने मिलिसीव्हर्ट समजावून द्यावे आणि भाषेच्या शिक्षकाने ‘आढळले नाही’ व ‘नाही’ यांतील अंतर मुलांकडून घोटून घ्यावे. दहा वर्षे असे पत्रक वाचत वाढलेला मुलगा अफवेने घाबरणार नाही आणि आश्वासनाने भुलणारही नाही. सीस्केलच्या लोकांना आपल्या मुलांचा आकडा प्रथम दूरचित्रवाणीवरून ऐकावा लागला. आपल्या किनाऱ्यावरील गावांना तो आपल्याच शाळेच्या भिंतीवर वाचता आला पाहिजे.